चिमणी बसवली, आता हवेला वाट द्या: किचन चिमणी नव्याने वापरणाऱ्यांसाठी

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या कौलांमध्ये एक धुराडं होतं. चूल जाऊन गॅस आला तरी ते तसंच राहिलं. रविवारी मटणाचं वाटण परतायला घेतलं की धूर सरळ त्यातून वर निघून जायचा. परड्याकडचं दार दिवसभर उघडं असायचं, तिथून गार हवा आत यायची आणि तापलेल्या हवेला वर रेटायची. हे सगळं एका पंख्याशिवाय, विजेशिवाय चालायचं.

मग आम्ही राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि हौसेने चिमणी बसवली. खोक्यावर 1200 चा आकडा, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा ओढते तो, मोठ्या अक्षरात होता. पहिल्याच रविवारी कांदा-खोबरं परतून त्यात चटणी, म्हणजे आमचं मिरचीपुडीचं तिखट, टाकली, आणि हॉलमध्ये बसलेल्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, असा ठसका लागला की त्या उठून गॅलरीत गेल्या. "अगं, ते वर नुसतं घरघरतंय. धूर तर सगळा हिकडं आलाय," त्या म्हणाल्या. चिमणी चालू होती, वेगही पूर्ण होता.

चूक दोन ठिकाणी होती. बसवायला आलेल्या माणसाने भिंतीतलं जुनं 4 इंची भोक बघून 6 इंची तोंडाला रिड्युसर (वाट अरुंद करणारा जोड) लावला होता आणि पुढे 4 इंची पाइप काढला होता. आणि वास जिन्यात जाऊ नये म्हणून मी सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. म्हणजे हवा बाहेर जायची वाट अरुंद आणि आत यायची वाट बंद. ही गोष्ट कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चिमणी नेमकं काय करते

चिमणी हा हवा ओढणारा पंखा आहे. तो धूर खात नाही, जिरवत नाही. शेगडीवरची हवा उचलून बाहेर टाकतो. साधारण 10 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 10 फूट उंच स्वयंपाकघरात 800 घनफूट, म्हणजे जेमतेम 23 घनमीटर हवा असते. चिमणीने खरोखरच तासाला 1000 घनमीटर हवा बाहेर फेकली, तर दीड मिनिटाच्या आत अख्ख्या स्वयंपाकघराएवढी हवा बाहेर गेली. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. ती आली नाही तर मोटर फिरत राहते, आवाज करत राहते, आणि धूर ओट्याच्या कडेने घरात पसरतो.

म्हणून खिडकी उघडायची. पण कोणती, हे महत्त्वाचं आहे. शेगडीच्या अगदी शेजारची खिडकी सताड उघडली तर वाऱ्याचा झोत धुराला चिमणीखालून बाजूला ढकलतो. शेगडीपासून लांबची, शक्यतो समोरच्या बाजूची खिडकी किंवा हॉलकडची खिडकी चार-सहा बोटं उघडी ठेवा. हवा पाठीमागून सावकाश आली पाहिजे. त्याच कारणाने स्वयंपाकघरातला छताचा पंखा बंद. उन्हाळ्यात हे जड जातं, मला माहीत आहे, पण पंखा चालू असेल तर चिमणी चालवून फारसा उपयोग नाही.

घेताना काय बघायचं

पहिला प्रश्न एकच: तुमच्या घरात पाइप बाहेर काढता येतो का? येत असेल तर पाइपवालीच चिमणी घ्या. बिनपाइपची चिमणी हवा कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून परत स्वयंपाकघरातच सोडते. जाळीत थोडं तेल अडतं, कोळशात थोडा वास अडतो; पण वाफ, उष्णता आणि गॅस जळून तयार झालेले वायू घरातच राहतात. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे, तसं होतं. कोल्हापुरी स्वयंपाकाला ती पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात तो कोळसा साधारण 3 ते 6 महिन्यांत बदलावा लागतो, धुऊन चालत नाही.

भाड्याच्या घरात राहत असाल आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नसतील, तर बिनपाइपच्या चिमणीवर पैसे घालण्यापेक्षा खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी चांगला एक्झॉस्ट फॅन लावा. तो तेल अडवत नाही, पण हवा खरोखर बाहेर तरी टाकतो.

रुंदी शेगडीएवढी तरी हवीच. दोन-तीन बर्नरच्या शेगडीला 60 सेंटिमीटर, चार बर्नरच्या रुंद शेगडीला 75 किंवा 90. धूर वर जाताना पसरत जातो, त्यामुळे चिमणी शेगडीपेक्षा अरुंद असेल तर कडेच्या बर्नरवरचा धूर सुटलाच.

फिल्टर तीन तऱ्हांचे मिळतात. जाळीच्या थरांचा, वळणाच्या पट्ट्यांचा म्हणजे बॅफल, आणि बिनफिल्टरचा. जाळी तेलाने लवकर तुंबते. बॅफलमध्ये हवा पट्ट्यांभोवती वळते, तेलाचे जड थेंब मात्र वळू शकत नाहीत, पट्टीवर आपटून खाली ओघळतात. आपल्या फोडण्या आणि तळण बघता बॅफल सोयीचा, धुवायलाही सोपा. बिनफिल्टरवालीत तेल थेट पंख्यापर्यंत जातं आणि तिथून वाटीत गोळा होतं. ती साफ ठेवणारी माणसं समाधानी असतात, पण मोटरजवळ साचलेलं तेल आपल्याला दिसत नाही, हे मला पटत नाही.

आकड्यांच्या मागे फार लागू नका. खोक्यावरचा 1200 किंवा 1500 हा सर्वात जास्त वेगाचा आकडा असतो. फिल्टर, पाइप आणि वळणं लागली की प्रत्यक्षात तो बराच खाली येतो. साध्या घराला 1000 ते 1200 ची चिमणी नीट बसवलेली असेल तर पुरते, आणि वाईट बसवलेली 1500 ची पुरत नाही.

बसवताना समोर उभं राहा

फिटर येईल त्या दिवशी घरी थांबा, चहा द्या, आणि प्रत्येक गोष्ट बघा.

उंची: शेगडीच्या वरच्या कडेपासून चिमणीच्या तळापर्यंत साधारण 65 ते 75 सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त ते अडीच फूट. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं अंतर दिलं असेल तर तेच पाळा. खूप खाली आली तर फिल्टर तापतो, त्यावरचं तेल पेटायची भीती. खूप वर गेली तर धूर वाटेतच पसरतो. डोक्याला लागते म्हणून हात-दीड हात वर चढवलेल्या चिमण्या मी पाहिल्या आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पाइप: चिमणीच्या तोंडाचा व्यास 6 इंच असेल तर शेवटपर्यंत 6 इंच. 6 इंची गोल पाइपचं तोंड 4 इंचीपेक्षा सव्वादोन पट मोठं असतं, म्हणून माझ्या त्या रिड्युसरने अर्ध्याहून जास्त वाट बुजवली होती. भोक लहान असेल तर कोअर कटिंग करून, म्हणजे यंत्राने गोल कापून, मोठं करून घ्या. अर्ध्या तासाचं काम असतं, धूळ होते तेवढीच.

पाइप शक्य तितका आखूड, 8-10 फुटांच्या आत, आणि वळणं कमीत कमी. प्रत्येक काटकोनी वळण हवेला कित्येक फूट सरळ पाइपइतकं अडवतं. एकाच जागी दोन वळणं पाठोपाठ येत असतील तर फिटरला दुसरी वाट शोधायला सांगा. फोल्डिंगचा अॅल्युमिनियम पाइप वापरायचा झाला तर पूर्ण ताणून लावायचा. सुरकुत्या राहिल्या की त्यात तेल साचतं. पीव्हीसीचा पाइप स्वस्त म्हणून सर्रास लावतात, पण तो उष्णतेने मऊ पडतो आणि पेटला तर विषारी धूर होतो. मी दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा शिवाजी उद्यमनगरात पत्र्याचं काम करणाऱ्याकडून 6 इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा सरळ पाइप आणि एक मोठ्या गोलाईचा एल्बो करून घेतला. माप घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी मिळाला. ज्या गावात अख्खी यंत्रं घडतात तिथे चांगल्या पाइपसाठी अडून राहायचं कारण नाही.

पाइप आडवा जात असेल तर बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे वाफेचं पाणी शेगडीवर परत येत नाही. बाहेरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी आणि आपोआप मिटणारी झडप हवी. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि जुलैत तर आडवा मारा करतो. पाइपचं तोंड त्या बाजूला असेल तर वारा धूर मागे ढकलतो आणि पाणीही आत आणतो. दुसरी भिंत मिळत असेल तर ती निवडा. नसेल तर टोपी खोल आणि मोठी करून घ्या.

पाइप कुठे सोडू नये, हेही सांगते. फॉल्स सीलिंगच्या वर नाही, बंद माळ्यात नाही, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नाही, आणि गॅस गिझरच्या धुराच्या नळीला जोडून तर कधीच नाही.

वीज: तीन पिनांचा सॉकेट, चालू अर्थिंग, आणि सॉकेट शेगडीच्या थेट वर नको. बटण असं हवं की कढईने पेट घेतला तरी ज्वाळेवरून हात न नेता बंद करता येईल. ही शेवटची गोष्ट जवळजवळ कुणी बघत नाही.

उदबत्तीची परीक्षा

फिटर जाण्याआधी एक उदबत्ती लावा. शेगडी बंद, चिमणी मधल्या वेगावर. उदबत्ती मागच्या बर्नरच्या जागी, बर्नरपासून वीतभर उंच धरा आणि धुराची रेघ बघा. सरळ वर जाऊन फिल्टरच्या फटीत शिरली पाहिजे. मग पुढच्या बर्नरवर आणा. इथे रेघ थोडी डगमगते, तुमच्याकडे झुकते, मग वर ओढली जाते. शेवटी ओट्याच्या अगदी कडेला धरा. तिथे बहुतेक चिमण्या हरतात, आणि तुमच्या चिमणीचं राज्य कुठे संपतं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतं.

आता घराची सगळी बाहेरची दारं-खिडक्या पूर्ण बंद करून तीच परीक्षा पुन्हा घ्या. आमच्याकडे पुढच्या बर्नरवरची रेघ लगेच आळसावली, गोल गोल फिरत बाजूला निघाली. हॉलकडची खिडकी चार बोटं उघडली आणि दोन-तीन सेकंदांत ती रेघ ताठ झाली. आत्या शेजारीच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे परड्याचं दार उघडं पायजे." वर्षभर मला जे समजलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

दुसरी सोपी खूण: वर्तमानपत्राचा हातभर तुकडा चिमणी चालू असताना फिल्टरला लावा. तो चिकटून राहिला तर ओढ आहे. हीच परीक्षा दर महिन्याला करा. कागद गळून पडायला लागला की फिल्टर धुवायची वेळ झाली.

रोजचा वापर

गॅस पेटवण्याआधी पाचेक मिनिटं चिमणी लावा. धूर झाल्यावर लावली तर पसरलेला धूर ती परत गोळा करू शकत नाही; आधी लावली तर हवेची धार तयार असते आणि धूर जन्मतःच त्यात सापडतो. स्वयंपाक संपल्यावर 10-15 मिनिटं चालू राहू द्या, म्हणजे पाइपमधली वाफही सुकून जाते.

धूर करणारी भांडी मागच्या बर्नरवर. दूध तापवणं, चहा, भात पुढे. उदबत्तीने तुम्हाला कारण दाखवलेलंच आहे. अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, शिजत असताना पातेल्यावर झाकण असू द्या आणि चिमणी कमी वेगावर ठेवा. वाफेला तेवढं पुरतं, आवाजही कमी. पूर्ण वेग फोडणी, तळण आणि वाटण परतण्यासाठी राखून ठेवा.

बर्नर भांड्याशिवाय पेटता ठेवू नका. ज्वाळेची सगळी ऊब थेट फिल्टरवर जाते. भरताचं वांगं, पापड, टोमॅटो आपण आचेवर भाजतोच, तेव्हा आच बारीक ठेवा, समोरून हलू नका आणि फिल्टर तेलकट असेल त्या दिवशी भाजणं टाळा.

विजेची चिंता फार करू नका. मोटर 200 वॅटची असेल आणि दिवसाला एक तास चालली तर महिन्याला 6 युनिट होतात.

फोडणी, तळण आणि चटणी

मिरचीचा ठसका हा नुसता वास नव्हे. तापलेल्या तेलातून कॅप्सेसिन हे द्रव्य बारीक थेंबांबरोबर आणि भाजलेल्या मिरचीच्या कणांबरोबर हवेत उडतं आणि नाका-घशातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जाऊन लागतं. शरीराला भाजल्याचाच संदेश जातो. कॅप्सेसिन ज्या रिसेप्टरला (मज्जातंतूवरच्या ग्राहकाला) लागतं तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये, अर्डेम पॅटापूटियन यांच्यासह, वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्यासाठी त्यातला मुद्दा असा की हे कण घरातून बाहेर गेले तरच ठसका थांबतो. सुगंधी फवाऱ्याने वास झाकला तरी कण हवेतच असतात.

तेलाच्या धुराचं गांभीर्य त्याहून मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अति तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर 2ए गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत, ठेवला आहे. घाबरून तळण सोडायची गरज नाही. तेल धुरावायला लागण्याआधी आच कमी करा, एवढं तरी प्रत्येकाला जमतं. शेंगतेल तापून वर निळसर झाक दिसायला लागली की ते सांगतंय, आता बास.

तांबड्या रश्श्याच्या फोडणीत चटणी टाकताना मी गॅस पूर्ण बारीक करते, चटणी टाकते, दोन-तीन वेळा ढवळते आणि लगेच अळणी ओतते. मिरचीपूड तेलात जळायला दोन सेकंदही पुरतात. ती जळली की कोणतीही चिमणी त्या क्षणी मागे पडते. रंगही जातो, ते वेगळंच.

आखाडात त्र्यंबोली देवीच्या यात्रेच्या दिवसांत आणि दिवाळीच्या फराळाला तास-तासभर तळण चालतं. तेव्हा एका दमात सगळं न काढता मध्ये वाटी बघा. चिमणीखाली तेल गोळा करणारी जी छोटी वाटी असते, ती भरून शेगडीवर ठिबकणं ही आगीची सुरुवात असते.

आणि वर्षाची चटणी. एप्रिल-मे महिन्यात किलोकिलोंनी मिरच्या भाजायच्या असतील तर त्या चिमणीखाली भाजू नका. घरगुती चिमणीचं ते काम नव्हे. गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याला पाठ करून भाजा, नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा आणि गार झाल्यावर कांडपाला पाठवा. घरात फक्त रोजच्यापुरतं भाजा.

गॅस गिझर असेल तर हे आधी वाचा

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि चिमणी विकताना ती मला कुणी सांगितली नव्हती.

कोल्हापुरात कितीतरी घरांत गॅस गिझर आहे, ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये. गिझर जळताना त्याचे वायू स्वतःच्या हलक्या ओढीने वर जातात. घर बंद असताना चिमणी पूर्ण वेगावर चालली की ती हवा मिळेल तिथून ओढते, आणि गिझरच्या धुराच्या नळीतूनही उलटी ओढू शकते. मग त्याचे वायू बाहेर जाण्याऐवजी घरात येतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, सुस्ती एवढीच खूण असते, आणि आंघोळीला गेलेल्या माणसाला ती कळेपर्यंत उठून दार उघडायचं त्राण उरत नाही.

आमचा गिझर स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत होता. उदबत्तीची परीक्षा झाल्यावर सहज तीच उदबत्ती गिझरच्या वरच्या तोंडाशी धरली. चिमणी चालू, खिडक्या बंद. धूर खोलीकडे वळला. मी आधी चिमणी बंद केली आणि मग ड्राय बाल्कनीची काच कायमची काढून तिथे जाळी बसवून घेतली. तुम्ही ही परीक्षा गिझर बंद असतानाच करा.

नियम असे ठेवा: गिझर चालू असताना चिमणी पूर्ण वेगावर नको, खिडक्या उघड्या हव्यात, आणि गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हवेशीर जागी हलवून घ्या. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर गोळी शोधत बसू नका. सगळे बाहेर मोकळ्या हवेत या, आणि कुणी गुंगीत असेल तर 108 ला फोन करा.

गॅसचा वास आला तर, कढई पेटली तर

गॅसचा वास आला की अनेकांचा हात पहिला चिमणीच्या बटणाकडे जातो, वास ओढून घेईल म्हणून. हे कधीही करू नका. बटण दाबताना किंवा मोटर सुरू होताना ठिणगी पडू शकते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वरची चिमणी त्याच्यापर्यंत पोचतही नाही. पाइपने येणारा गॅस हलका असतो, वर जातो, म्हणजे नेमका मोटरकडे. दोन्हीत नियम एकच: कोणतंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा क्रमांक दिवसरात्र चालतो. हात हलवून चालू होणारी चिमणी असेल तर वास येत असताना तिच्यासमोर हात नेऊ नका.

कढईतलं तेल पेटलं तर आधी गॅस बंद, लगेच चिमणी बंद, कारण चालू चिमणी ज्वाळा वर फिल्टरमध्ये ओढते. मग मोठं सपाट झाकण किंवा परात समोरच्या बाजूने कढईवर सरकवा आणि तेल पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. पाणी अजिबात नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, दीड हजार पटींहून जास्त फुगतं आणि पेटतं तेल अंगावर उडवतं. कढई उचलून मोरीकडे पळणंही नाही. आग फिल्टरपर्यंत पोचली असेल तर मेन स्विच बंद करता आला तर करा, बाहेर पडा आणि 101.

झाकण शेगडीजवळ, हात पुरेल असं ठेवायची सवय लावा. आमच्याकडे ते ओट्याखालच्या खिळ्याला टांगलेलं असतं.

साफसफाई

रोज तळण होत असेल तर 10-15 दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा फिल्टर धुवा. आधी प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. स्टीलचा बॅफल असेल तर मोठ्या घमेल्यात कडकडीत पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, आणि अर्धा तास भिजत ठेवा. हातात रबरी मोजे घाला. तेल पिवळट साय होऊन वर तरंगायला लागतं. मग नायलॉनच्या ब्रशने घासून उन्हात पूर्ण वाळवा. ओला फिल्टर परत चढवू नका.

हलकी, थरांची जाळी बहुतेक वेळा अॅल्युमिनियमची असते. तिला धुण्याचा सोडा चालत नाही, ती काळी पडते आणि झिजते. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, एवढंच.

रॉकेल, थिनर, पेट्रोल यांनी चिमणी पुसू नका. काळं चिकट तेल पटकन निघतं म्हणून पुसणारे आहेत, पण त्यांची वाफ आत कोंडते आणि पुढची काडी ओढताच पेटते. मोटरवर पाण्याचा फवाराही मारू नका.

ऑटो-क्लीनचं बटण असलेली चिमणी घेतली असेल तर ते बटण आतलं तेल तापवून वितळवतं आणि वाटीत सोडतं, एवढंच ते करतं. गॅस बंद असतानाच ते दाबा, वाटी नंतर रिकामी करा, आणि बाहेरचा पत्रा, पाइप, टोपी यांची सफाई तुमच्याच वाट्याला आहे हे धरून चाला. वर्षातून एकदा माणूस बोलावून पाइप उतरवून आतून साफ करून घ्या. पाइपच्या आत साचलेला तेलाचा थर म्हणजे भिंतीत ठेवलेली वातच असते.

पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या शेवटी बाहेरची टोपी एकदा बघाच. झडप तेलाने चिकटून उघडी राहिली असेल तर पाऊस आत येतो, मिटून राहिली असेल तर हवा बाहेर जात नाही. दोन्ही वेळा आतून काही कळत नाही, फक्त आवाज बदलतो. झडप साबणाच्या पाण्याने पुसून बोटाने हलवून बघा, सैल हलली पाहिजे. वरच्या मजल्यावर असाल तर खिडकीबाहेर वाकू नका, माणूस बोलवा.

काही दिवस चिमणी वापरली नसेल तर पाइपमध्ये पाखरं घरटं करतात. आमच्याकडे दोन आठवडे गावाला जाऊन आल्यावर आतून किलबिल ऐकू आली. आत्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली आणि पिल्लं उडेपर्यंत आम्ही तीन आठवडे खिडकी उघडी ठेवून, झाकण ठेवून साधाच स्वयंपाक केला. नंतर टोपीला अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड तारेची जाळी लावून घेतली. त्याहून बारीक जाळी लावू नका, ती तेलाने तुंबते आणि महिन्याभरात वर्तमानपत्राचा कागद फिल्टरवरून गळून पडायला लागतो.